मानाची पहिली गाडी

आमच्या सोलापुरात चार गोष्टी एका ओळीत उभ्या केल्या की आधी मानाचा प्रश्न निघतो. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीतली कुठली काठी पुढे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, ते एक सोडा. पण लग्नाच्या बसमध्ये खिडकीशी कोण बसणार यावरूनही आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात पाऊल ठेवत नाहीत. तेव्हा जुन्या गाड्या बाळगणाऱ्या लोकांनी मिळून एक मंडळ काढलं, आणि दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी जुन्या हैदराबाद रस्त्याने नळदुर्गापर्यंत गाड्यांची सहल न्यायची ठरवली, तेव्हा पहिल्याच बैठकीत कुणीतरी घसा खाकरून विचारलं की मानाची पहिली गाडी कुणाची.

मंडळातल्या शहाण्या माणसांनी तोडगा काढला. जी गाडी सगळ्यांत हळू, ती पुढे. हळू गाडी मागे ठेवली तर ती वाटेत कुठेतरी बसून राहते आणि बाकीचे नळदुर्गात भजी खातात. पुढे ठेवली तर सगळा तांडा तिच्या चालीने जातो. विचार अगदी चांगला होता. फक्त तो आमच्या लोकांच्या हातात पडला. दोनेक वर्षांत सगळ्यांत हळू असणं हीच प्रतिष्ठा झाली. धडधाकट गाड्यांचे मालक आपली गाडी कशी धापा टाकते, चढ आला की कशी रडते, हे लेकीचं कौतुक सांगावं तसं सांगू लागले.

तरी मान कधी आमच्या घरातून हलला नाही. आमची काळी गाडी बाबांनी होटगीला रेल्वेत असलेल्या एका साहेबांकडून घेतली होती. ती माझ्याहून वयाने मोठी. बॉनेटवरची नावाची पट्टी केव्हाच उडाली होती, आतला प्रत्येक भाग वेगवेगळ्या गाडीतून आलेला होता, आणि चाल अशी की शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याशी बाबांचं सविस्तर बोलणं व्हायचं. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. त्या एका रविवारी मात्र ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगला बसत. शेजारच्या सीटवर मानाचा नारळ आणि मंडळाचा झेंडा असे. आई मागच्या सीटवर, फराळाच्या डब्यांबरोबर.

मान जायचे दोनच मार्ग होते. गाडीला दोर लावावा लागला की मान गेला. आणि मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली तरी मान गेला, कारण मग पुढची गाडी जास्त पळते हे उघडच झालं. अशा वेळी मान मागच्याला मिळे. आमच्या मागे कायम नव्या पेठेतले कापडवाले काका असत. त्यांची राखाडी गाडी खरोखर हळू होती की ते तिला हळू ठेवत, हे कुणालाच कळलं नव्हतं. पण त्यांचा डोळा आमच्या जागेवर होता, हे अख्ख्या मंडळाला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी बाबा गेले. दिवसकार्य आटोपलं आणि माझा भाऊ गाडी विकायची म्हणू लागला. तो पुण्यात नोकरी करतो आणि प्रत्येक गोष्टीला 'प्रॅक्टिकली बघ ताई' अशी सुरुवात करतो. प्रॅक्टिकली बघता, हायवेला नवं हॉटेल काढणाऱ्या एका माणसाला आमची गाडी हवी होती. हॉटेलच्या दारात चौथऱ्यावर ती ठेवायची, टप कापायचा आणि आत फुलझाडं लावायची, असा त्याचा बेत होता. मी म्हटलं, त्यापेक्षा मला कापून माझ्यात तुळस लाव. मी शाळेत गणित शिकवते, माझा आवाज वर्गाबाहेर जातो. तो त्या दिवशी गल्लीबाहेर गेला असणार.

शेवटी निकाल आईकडे गेला. आई दुधनीची. मराठी बोलता बोलता घाई झाली की कानडीत शिरते, पण निकाल देताना सावकाश बोलते. ती म्हणाली, "मानाची वस्तू विकत नसत्यात. मान हाय तवर गाडी दारात राहील. मान गेला तर खुशाल विका, मी एक शब्द बोलणार न्हाय."

झालं. मला फक्त गाडी नळदुर्गापर्यंत सगळ्यांच्या पुढे आणि सगळ्यांत हळू न्यायची होती. गाडी चालवायला बाबांनीच मला शिकवलं होतं, आणि हळू चालवण्यासाठी त्या गाडीत वेगळं काही करावं लागत नसे. पाय पूर्ण दाबला तरी ती तिच्या मर्जीनेच जायची. मी निर्धास्त होते.

भाऊ सहलीच्या दोन दिवस आधी आला. आला तो लेंगा घालून गाडीखाली शिरला. ब्रेक बघतो म्हणाला, हवा बघतो म्हणाला, काचा पुसल्या, वर मला म्हणाला, "ताई, तूच चालव. मी नुसता शेजारी बसतो." इतकं गोड तो भाऊबीजेलाही बोलत नाही. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल. म्हणून मी त्याला रात्री धपाटेसुद्धा करून घातले.

रविवारी सकाळी गाड्या ओळीने लागल्या. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचे हार, नारळ, पेढे, सगळं यथासांग झालं. बाबांची आठवण काढून दोन मिनिटं उभंही राहिलो. त्यातही काका हळूहळू पुढे सरकून आमच्या गाडीच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. मला म्हणाले, "ताई, जमंल ना तुम्हाला? न्हाय जमलं तर सांगा की. आपण काय परके हाव का?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही फक्त आरशात राहा."

मी गाडी सुरू केली, बाबांनी शिकवल्याप्रमाणे पाय पूर्ण दाबला, आणि गाडीने उडी मारली.

मागे आईच्या हातातला दह्याचा डबा तिच्याच मांडीवर आला. समोर निघायचा झेंडा दाखवायला उभा असलेला मंडळाचा माणूस बाजूला झाला म्हणून वाचला. मी पाय काढला, पुन्हा ठेवला, गाडीने पुन्हा उसळी घेतली. ही आमची गाडीच नव्हे. ज्या गाडीला मुळेगावचा पूल चढायला दम लागायचा, ती पुलावर अशी चढली की मला आरशात बघायचीही शुद्ध राहिली नाही. बघितलं तेव्हा काकांची राखाडी गाडी पार लहान झाली होती, आणि तिच्या काचेमागे काका हसत असल्याचं मला इतक्या लांबूनही दिसलं.

मी चप्पल काढली आणि नुसत्या अंगठ्याने पेडल दाबू लागले. काकांनी ते ओळखलं. त्यांनी आणखी हळू केली. मग मी हळू केली. मग त्यांनी. चौपदरी झाल्यापासून जुना रस्ता तुकड्यातुकड्यांनीच उरला आहे, कुठे गावात शिरतो, कुठे नव्या रस्त्याला येऊन मिळतो. त्या सगळ्या तुकड्यांवरून आमचा तांडा असा निघाला की उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे गेले, मग सायकलवाले गेले, शेवटी उसाची एक बैलगाडी आमच्या शेजारी आली. गाडीवानाने वाकून इंजिनचा आवाज ऐकला आणि आपुलकीने विचारलं, "ढकलायचं का वो ताई?"

"चालू आहे गाडी," मी म्हटलं.

"मग चालवा की," तो म्हणाला आणि पुढे गेला.

माझ्या शेजारी मानाचा नारळ मांडीवर घेऊन भाऊ बसला होता. तो खिडकीबाहेर बघत होता. माणसाला काही लपवायचं असलं की तो असा मन लावून बाहेर बघतो. बोरामणीपर्यंत इंजिन इतकं तापलं की बॉनेटमधून वाफ येऊ लागली. दोर लागण्यापेक्षा चहा बरा, म्हणून मी एका टपरीशी गाडी उभी केली. चहाला थांबलं तर मान जात नाही, एवढी तरी सवलत होती. मागोमाग बाकीच्या गाड्याही येऊन थांबल्या.

मी भावाला बखोटीला धरून गाडीमागे नेलं. "काय केलंस गाडीला? खरं सांग. दुरुस्त केलीस ना?"

सोलापूरच्या इतिहासात एखाद्याने गाडी दुरुस्त केल्याबद्दल त्याची अशी कॉलर कुणी धरली नसेल. तो म्हणाला, "मी काही दुरुस्त केलं नाही ताई. एक गोष्ट फक्त काढली."

"काय काढलंस?"

त्याने डिकी उघडली, स्टेपनीच्या मागे हात घातला आणि एक लाकडाचा तुकडा काढला. जाड, गोल, एका बाजूने कापलेला. त्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या अजून गुंडाळलेल्या होत्या. "हे पेडलच्या खाली बांधलं होतं," तो म्हणाला. "पाय पूर्ण दाबला तरी पेडल अर्ध्यावर अडायचं. गाडी कधी हळू नव्हतीच. बाबांनी तिला अडवून ठेवली होती. मला वाटलं, हे काढलं की ती पळेल, मान जाईल आणि तू भांडायची थांबशील."

भावाचा राग आला होता तो तसाच होता, पण त्याच्या पुढे आता बाबा येऊन उभे राहिले होते. शर्टाला इस्त्री करून, नारळाला नमस्कार करून, वर्षानुवर्षं 'काय करणार, म्हातारी झाली बिचारी' असं चारचौघांत म्हणणारे बाबा. मला हसू फुटलं. तेवढ्यात आई चहाचा कप घेऊन तिथे आली.

तिने तो तुकडा हातात घेतला. पट्ट्या सोडल्या. उलटा करून बघितला. मग शांतपणे म्हणाली, "हे माझं लाटणं हाय."

तिने त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"माझ्या आईनं दिलेलं. दुधनीहून. सागवानी. हे हरवलं तवा मी तुमच्या आत्यावर आळ घेतला. तिच्या नातवाच्या बारशालाबी गेले न्हाय मी." तिने तुकडा भावापुढे धरला. "दुसरा अर्धा कुटं हाय?"

भाऊ पुण्याला राहतो, पण खोटं बोलायला तो अजून शिकलेला नाही. त्याने पुन्हा डिकीत हात घातला. "इथेच आहे. हा स्पेअर होता."

मी बाबांची बाजू घ्यायला गेले. कुणीतरी घ्यायला हवीच होती. मी म्हटलं, "आई, जाऊ दे ना. आयुष्यभर सगळ्यांच्या मागे राहिले बाबा. कचेरीत साहेबांच्या मागे, लग्नाकार्यात मामांच्या मागे. वर्षातला एक दिवस पुढे राहावंसं वाटलं त्यांना. त्यासाठी एक लाटणं गेलं तर गेलं."

"व्हय," आई म्हणाली. "आणि मी कुटं होते?"

मी मागच्या सीटवरच्या डब्यांकडे बघितलं.

"मागच्या सीटवर," तिनेच सांगितलं. "लग्न झालं तवा हे म्हणले होते, हाच रस्ता सरळ हैदराबादला जातो, तुला चारमिनार दाखवतो, तितं बांगड्या भरू. दर वर्षी नळदुर्ग आलं की मागं फिरायचं. मी विचारलं की म्हणायचे, गाडी म्हातारी हाय, इतक्या लांब पोचायची न्हाय. मला बी पटायचं. म्हटलं, म्हातारी हाय बिचारी, कशाला हाल करा तिचे."

तिने उरलेला चहा रस्त्याकडेला ओतला, कप टपरीवर नेऊन ठेवला, परत आली आणि पुढचं दार उघडलं. सीटवरचा नारळ उचलून तिने भावाच्या हातात दिला. "तू मागं बस. डबे सांभाळ." मग स्वतः पुढे बसली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "पळव."

"आई, काका आरशातून गेले की मान गेला. मान गेला की गाडी गेली. तूच सांगितलंयस."

"मला कळतंय की."

"मग?"

"नडी," ती म्हणाली. घाई झाली की ती अशी कानडीत शिरते, आणि मग तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. नडी म्हणजे चल, आणि चल म्हणजे चल.

खरं सांगते, मला रडू येत होतं. ही गाडी बाबांची होती, तिच्या आत अजून त्यांच्या तपकिरीचा वास येत होता, आणि मी ती माझ्याच पायाने हॉटेलच्या चौथऱ्यावर नेऊन ठेवणार होते. पण माझ्या शेजारी माझी आई जन्मात पहिल्यांदा पुढे बसली होती आणि तिने एक गोष्ट मागितली होती. मी पाय पूर्ण दाबला.

गाडी गेली. इंजिन निवलं होतं, रस्ता मोकळा होता, आणि इतक्या वर्षांची अडवणूक त्या गाडीने एकदम वसूल केली. ज्वारीची रानं मागे गेली, इटकळ आलं आणि गेलं, मघाशी पुढे गेलेले ट्रॅक्टर आम्ही एकामागून एक गाठले. आईने काच खाली केली. तिचा अंबाडा सुटला. बैलगाडीवाला दिसला तेव्हा तिने स्वतः हात लांब करून हॉर्न वाजवला. आणि ती हसली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं, आणि त्या गाडीत तर कधीच ऐकलं नव्हतं. मी आरशात बघितलं. काका नव्हते. नुसता माझा भाऊ होता, एका हातात नारळ आणि दुसऱ्यात दह्याचा डबा धरून, आणि तो एकटक आईच्या पाठीकडे बघत होता.

नळदुर्गात आम्ही किल्ल्यासमोर झाडाखाली गाडी लावली आणि भाकऱ्या काढल्या. आई मात्र सीटवरून उतरली नाही. तिथेच बसून तिने कडक भाकरीवर शेंगाचटणी घेतली. आमचं जेवण झालं, हात धुऊन झाले, मग कुठे मंडळाचा तांडा आला. सगळ्यांत पुढे काका. त्यांनी वाटेत थांबून आपल्या गाडीला मानाचा हार घातला होता. उतरले ते सरळ आईच्या खिडकीशी आले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही मुद्दाम दिलात मला मान. मी काय लहान हाय का, मला कळतंय की."

"घ्या की भावजी," आई म्हणाली. "लई जड होता."

भावाने मानाचा नारळ काकांच्या हाती दिला. मंडळाने टाळ्या वाजवल्या. मग सगळे किल्ला बघायला गेले, परत आले, आणि एकेक करून गाड्यांची तोंडं सोलापूरकडे वळू लागली. काका पुढे जाऊन उभे राहिले, इतके हळू वळत की त्यांचा मान शंभर टक्के योग्य होता हे कुणीही मान्य केलं असतं.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. मला आवाजावरूनच कळलं, हॉटेलवाला. मान गेल्याची बातमी त्याला कुणी कळवली देव जाणे. मंडळातलाच कुणी असणार. भाऊ म्हणाला, "हो, गेला. हो, ठरलं होतं तसंच." मग तो थांबला. फोन कानाला तसाच लावून तो खिडकीशी आला. त्याला हवं होतं ते सगळं त्याला मिळालं होतं, आणि त्याचा चेहरा गणिताच्या पेपरात बसलेल्या मुलासारखा झाला होता.

"आई," तो म्हणाला, "तो गाडी न्यायला कधी येऊ विचारतोय."

"मी दिलेला शब्द मोडत न्हाय," आई म्हणाली. "विकायची तर विका. पर आदी मला हैदराबाद दाखवा. आज निघायचं. हितनं सरळ."

"अगं आत्ता? राहायचं कुठे?"

"हुमनाबादला होईल की सोय. माणसं राहत न्हायत व्हय तितं?"

मी किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. मागून काकांनी हात करून आम्हाला ओळीत बोलावलं. मी हात हलवला आणि चाकं उलट्या बाजूला वळवली. भाऊ घाईघाईने मागच्या सीटवर, डब्यांच्या शेजारी बसला. फोन अजून त्याच्या कानाला होता.

"गाडी हैदराबादला निघालीय," त्याने फोनवर सांगितलं. मग ऐकलं. मग पुढे वाकला. "आई, तो विचारतोय, परत यायला किती दिवस लागतील."

आईने पदर डोक्याभोवती घट्ट बांधला आणि काच खाली केली.

"सांग त्याला," ती म्हणाली, "आमची गाडी लई हळू चालती."

भावाने ते शब्दाला शब्द, अगदी गंभीर आवाजात सांगितलं, आणि मी पाय पूर्ण दाबला.